हरिपूर : आईचं 'पलीकडचं गाव' (कृष्णा-वारणा संगम, सांगली)

शमी

गेल्या कार्तिकात आईला घेऊन हरिपूरला जाऊन आले. सांगली बसस्थानकापासून जेमतेम चार किलोमीटर. सांगलीला येणारे लोक गणपतीचं दर्शन घेतात, भडंग बांधून घेतात आणि नरसोबाच्या वाडीच्या रस्त्याला लागतात. हरिपूरकडे गाडी वळवणारे फार थोडे. त्यांच्यासाठीच हा धागा.

आमचं जाण्याचं कारण मात्र घरगुती होतं. आईचं माहेर कोथळी. कोथळी शिरोळ तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. हरिपूर मिरज तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. मध्ये कृष्णा. आईच्या तोंडी मी हरिपूर हे नाव फारसं ऐकलंच नाही. ती कायम 'पलीकडचं गाव' म्हणायची. "पलीकडच्या गावात घंटा वाजली की आमची आई चुलीपुढनं उठायची." "पलीकडच्या गावच्या जत्रेतनं बांगड्या आणल्या होत्या." लग्न होऊन ती साताऱ्याला आली, मामा नोकरीसाठी बाहेर पडले, कोथळीतलं घर विकलं गेलं आणि तो काठ सुटला तो सुटलाच. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दिवाळीत एकदा सहज म्हणाली, "ते पलीकडचं गाव एकदा बघायचं होतं." मी दुसऱ्याच आठवड्यात रजा टाकली.

सांगलीतून हरिपूरच्या रस्त्याला लागलं की गाव सुटल्यासारखं वाटतच नाही, वस्ती आता सलग झाली आहे. वाटेत बागेतला गणपती लागतो. तिथून पुढे मात्र हवा बदलते. मळीची (नदीच्या गाळाची) शेतं, वांग्याची रोपं, मध्येच उसाचा फड, आणि नदी दिसायच्या आधीच नदीचा वास. आम्ही सकाळी सातला पोचलो. धुकं होतं. संगमेश्वराच्या देवळात पुजारी आणि दोन म्हाताऱ्या बाया, एवढेच लोक. गाभारा खोल आणि अंधारा. बाहेरच्या गारठ्यातून आत गेल्यावर उबदार वाटलं. आईने बेल वाहिला, पण तिचं लक्ष देवाकडे नव्हतं. तिला घाटावर जायचं होतं.

घाटाच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर फार जपा. आम्ही मधल्याच एका पायरीवर बसलो. धुक्यामुळे पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज, आणि कुठून तरी पंपाची धडधड. तासाभराने ऊन आलं आणि धुकं पाण्यावरून असं उचललं गेलं की आधी पलीकडच्या काठाची कड दिसली, मग झाडं, मग शेतं.

तिथे बसल्यावर संगम असा दिसतो : उजव्या हाताकडून कृष्णा येते. महाबळेश्वराहून निघून वाटेत कराडला कोयना आणि ब्रह्मनाळला येरळा पोटात घेऊन आलेली. समोरून वारणा येऊन तिला मिळते. वारणेच्या उजवीकडचा काठ समडोळीचा, तो आपला सांगली जिल्हा. वारणेच्या डावीकडचा काठ कोल्हापूर जिल्हा. म्हणजे एका पायरीवर बसून दोन नद्या, तीन काठ आणि दोन जिल्हे. आणि या तिन्ही काठांत नजरेने ओळखावा असा काहीही फरक नाही. तोच ऊस, तीच माती, तेच बगळे.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, इथनं आपलं गाव असं दिसतं होय?"

मला आधी कळेना. मग उलगडलं. अख्खं लहानपण तिने कोथळीच्या काठावरून हरिपूर पाहिलं होतं. जत्रेला नावेतून इकडे यायची तीही पुढे बघत, देवळाच्या शिखराकडे. परत जाताना अंधार झालेला असायचा. हरिपूरच्या पायरीवर निवांत बसून आपल्या गावाकडे बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. कोथळीत राहणाऱ्या पोरीला कोथळी लांबून कशाला बघायला लागतेय!

आम्ही तिथे अडीच तास बसलो. मी डबा नेला होता, तो तिथेच खाल्ला. नंतर गावातून एक चक्कर मारली. जुने वाडे थोडे राहिलेत, काहींच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा अजून दिसतात. एका घरापुढे वाळत घातलेली हळकुंडं होती. आईने एक उचलून वास घेतला आणि तसंच जागेवर ठेवलं.

येताना हरिपूर-कोथळी पुलावरून पलीकडे गेलो. ज्या पाण्यावर तिच्या लहानपणी अर्धा तास जायचा ते आम्ही मिनिटभरात ओलांडलं. कोथळीत आईच्या ओळखीचं कुणी भेटलं नाही, पण त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

हरिपूरबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी. विशेषतः पेवांबद्दल, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांबद्दल. आई सारखी पेवं पेवं करत होती, आणि आम्हाला दाखवणारं कुणी भेटलं नाही.

---

निनाद

सुंदर लिहिलंय. मी सांगलीत चार वर्षं इंजिनिअरिंगला होतो आणि एकदाही हरिपूरला गेलो नाही याचं आता वाईट वाटतंय. देवळाला किती वेळ पुरतो? मी औदुंबर, हरिपूर, नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर असं एका दिवसात करायच्या विचारात आहे.

---

शमी

निनाद, देवळाला वीस मिनिटं पुरतील. गावाला मात्र पुरणार नाहीत. चार ठिकाणं एका दिवसात होतील, गाडी आहे म्हणजे होतीलच. पण खिद्रापूरला कोपेश्वराचं कोरीवकाम आहे, वाडीला दत्ताची पालखी आहे, तिथे बघायला काही ठरलेलं असतं. हरिपूरला ठरलेलं काही नाही. तिथे बसावं लागतं. तुम्ही हरिपूर वेगळ्या दिवशी ठेवा असं मी आग्रहाने सांगेन.

---

दत्तू_सांगलीकर

ताई, आईंना घेऊन आलात हे फार बरं केलंत.

एक सूचना सगळ्यांसाठी. संगमावर पाण्यात उतरू नका, पोहायचं तर नावच काढू नका. कृष्णेच्या आमच्या पट्ट्यात मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या बाजूला तर उन्हाळ्यात काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. माणसांवर हल्ले झालेले आहेत. बाहेरून आलेली पोरं शांत पाणी बघून उड्या टाकतात. पायरीवर बसा, पाय सोडायचे तर वरच्या पायरीवर बसून सोडा.

आणि पावसाळ्यात येणार असाल तर आधी आयर्विन पुलाची पातळी बघा. आम्हा सांगलीकरांचं घड्याळ म्हणजे तो 1929 चा पूल. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 40 च्या पुढे आकडा सरकला की हरिपूरचा बेत रद्द करायचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो आकडा 57 च्या वर गेला होता. त्या रात्री आम्ही घरातलं सामान माळ्यावर चढवत होतो आणि दर तासाला एकमेकांना फक्त आकडे कळवत होतो. दुसरं बोलणंच नव्हतं.

---

गंगाधरपंत

सीमेबद्दल थोडं. आज आपण सांगली जिल्हा, कोल्हापूर जिल्हा म्हणतो ते अलीकडचं आहे. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. मिरजेतून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी 1801 च्या सुमारास सांगलीला गादी केली. पलीकडे कोल्हापूर हे छत्रपतींचं राज्य. सांगली संस्थान 1948 ला विलीन झालं, कोल्हापूर 1949 ला. त्याच 1949 मध्ये या भागाचा 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. त्याला 'सांगली' हे नाव मिळालं ते 1960 मध्ये. म्हणजे शमीताईंच्या आईंचं बालपण ज्या वर्षांत गेलं तेव्हा समोरचा काठ कागदोपत्री दक्षिण साताऱ्याचा होता. आणि त्या लग्न होऊन साताऱ्यालाच गेल्या, हेही खरं.

वारणा तिच्या बऱ्याचशा वाटेवर या दोन जिल्ह्यांची हद्द सांभाळते आणि हरिपूरला येऊन संपते. तिथून पुढे ते काम कृष्णा उचलते. अंकली-उदगावच्या पुलावरून कोल्हापूरला जाताना आपण जो जिल्हा ओलांडतो तो याच पाण्यावर.

---

आक्का७२

शमी, तुझी आई कोथळीची म्हणजे माझ्या काठची गं. मी उमळवाडची. आमच्याकडूनही श्रावणी सोमवारी हरिपूरला जायची पद्धत होती. श्रावणात नदी भरलेली असायची, लाल पाणी, ओंडके वाहत यायचे. तरीही बायका निघायच्याच. नवी लुगडी घोट्याच्या वर खोचून, डोक्यावर नैवेद्याची टोपली. नावाडी मध्यावर गेल्यावर म्हणायचा, आता कुणी हलायचं न्हाई. सगळ्या बायका एकदम गप्प. लहान पोरं सुद्धा गप्प. फक्त वल्ह्याचा आवाज. पलीकडे टेकल्यावर मग एकदम सगळ्यांचा गलका सुरू.

आणि काहिलीतून जायचो ते तिला विचार. गुळाची काहील! नाव नसली की पुरुष माणसं काहील पाण्यात ढकलून त्यात दोघा-तिघांना बसवायची. गरगर फिरत जायची ती. मी एकदाच बसले, परत बसले नाही.

आईला विचार नावाड्याला पैसे द्यायचे की आणखी काही.

---

शमी

आक्का, आईला तुमचं वाचून दाखवलं. चष्मा काढून ठेवला तिने. काहिलीतून तिचे भाऊ जायचे, तिला बसू दिलं नाही कधी. नावाड्याला पैसे गावच्या माणसांनी द्यायचे नसत. सुगीला तो खळ्यावर यायचा आणि प्रत्येक घरातून जोंधळा न्यायचा. पैसे फक्त परगावच्या माणसाकडून. आई म्हणते, "म्हणून तर लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा वडिलांनी त्याला विचारलं, आता हिचे पैसे द्यायचे का? तो म्हणाला, लेक परगावची होती व्हय कधी?"

हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. धाग्याचे आभार.

---

रंगपट

हरिपूर म्हटल्यावर देवलांचं नाव अजून कसं आलं नाही? गोविंद बल्लाळ देवल इथलेच. जन्म 13 नोव्हेंबर 1855. बेळगावला शाळेत असताना अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे किर्लोस्कर मंडळीत गेले. 'शारदा' 1899 ची. तोवर संगीत नाटक म्हणजे देव, राजे आणि पुराण. देवलांनी रंगमंचावर आणली ती पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी पोर आणि तिचा लोभी बाप. आणि ही माणसं जी मराठी बोलतात ती आजही घरात बोलल्यासारखी लागते. घाटावरच्या पारावर बसून त्यांनी 'शारदा' लिहिलं असं गावात सांगतात. मी त्या पारावर बसून आलोय. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांची बोलणी तिथे जशीच्या तशी कानावर पडतात. शारदेच्या मैत्रिणी कशा बोलतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको.

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 ला इथेच 'सीतास्वयंवर' केलं. त्यानंतर बारा वर्षांनी चार किलोमीटरवर देवल जन्मले. एवढ्याशा टापूत हे सगळं घडलं याचा मला फार अभिमान वाटतो.

त्या नाटकावरूनच पुढे बालविवाह बंदीचा शारदा कायदा झाला हेही लक्षात घ्यावं.

---

गंगाधरपंत

रंगपट, बाकी सगळं मान्य, पण शेवटचं वाक्य दुरुस्त करायला हवं. ही समजूत फार पसरलेली आहे. 1929 चा तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी मांडला, म्हणून 'सारडा कायदा'. मुलीचं लग्नाचं वय 14 आणि मुलाचं 18 असं त्यात ठरलं. आपल्याकडे 'सारडा'चं 'शारदा' झालं कारण आपल्या मनात देवलांची शारदा आधीपासून होती. कायद्याला नाव तिचं नाही, पण तो कायदा मराठी घरांत पटायला तीस वर्षं आधीपासून तिने जमीन नांगरून ठेवली होती असं मी मानतो.

---

रंगपट

अरे बापरे, मी हे वर्षानुवर्षं भाषणात सांगत आलोय. धन्यवाद पंत, यापुढे नीट सांगेन.

---

मळीची_माती

मी हरिपूरचा. घर गावातच. धागा बायकोने दाखवला, म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितोय. शमीताई पेवांबद्दल विचारतायत. जमेल तसं सांगतो.

आमच्या गावाची माती मळीची. नदीने पिढ्यान्पिढ्या आणून टाकलेली, घट्ट, चिकट. खोल खणलं तरी ढासळत नाही आणि पाणी पाझरू देत नाही. म्हणून हळदीची साठवण इथे जमिनीच्या पोटात व्हायची. पेवाचं तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढंच. खाली पोट मोठं. उलटा हंडा जमिनीत पुरल्यासारखं. आत उतरलं की वरचं तोंड ताटलीएवढं दिसतं. शेणा-मातीने लिंपायचं, तळाला आणि कडेने पाला-गवताचा थर द्यायचा, मग हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती चोपायची. आत हवाच नाही म्हटल्यावर किडा जगत नाही. हळद वर्षानुवर्षं राहायची, रंग तसाच. दर पडला की व्यापारी माल पेवात टाकायचा आणि दर येईपर्यंत निवांत राहायचा. सांगलीचा हळदीचा बाजार मोठा झाला त्यात आमच्या गावच्या जमिनीचा वाटा आहे. बाहेरच्या मुलखातली हळद सुद्धा इथे पेवात विसावायची. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या वडिलांनी पेढे वाटले होते. ते म्हणाले, मानांकन हळदीला मिळालं, पण मान जमिनीचा आहे.

पेव उघडायचा दिवस मी लहानपणी कितीदा पाहिलाय. माती बाजूला करायची, झाकण काढायचं आणि सगळ्यांनी लांब व्हायचं. लगेच कुणी डोकावायचं सुद्धा नाही. आत विषारी हवा कोंडलेली असते, वास येत नाही, दिसत नाही, माणूस खाली उतरला की बसल्या जागी जातो. आमचे आजोबा कंदील दोरीला बांधून हळूहळू खाली सोडायचे. आम्ही पोरं श्वास धरून. कंदील थोडा खाली गेला की ज्योत बारीक व्हायची, निळसर, आणि मग फट्‌दिशी जायची. आजोबा एक शब्द न बोलता दोरी वर ओढून घ्यायचे. "अजून झोपलंय," म्हणायचे. त्या दिवशी काम नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कंदील. तो तळाला जाऊन टेकला आणि तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. हमाल व्यापाऱ्याच्या घाईवर नाही, त्या ज्योतीवर चालायचे. आत उतरलेली माणसं संध्याकाळी वर यायची ती डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. भुवया पिवळ्या, दात पिवळे. हळद लागलेल्या नवऱ्यासारखी. पोती ओढून काढताना गल्लीभर असा वास सुटायचा की शेजारच्या घरातल्या स्वयंपाकाला चव वेगळी लागायची.

आता त्यातलं काय राहिलं ते सांगायला हवं. 2005 चा पूर आला तेव्हा पाणी गावात शिरलं आणि पेवांत गेलं. पाझरत नाही अशी आमच्या जमिनीची ख्याती, पण पाणी तोंडावरूनच आत गेलं तर जमीन काय करणार. पूर ओसरल्यावर पेवं उघडली तेव्हा हळदीचा चिखल झाला होता. तो वास मी अजून विसरलो नाही. आजोबांच्या पेवाचा वास आणि हा वास, दोन्ही हळदीचेच. कित्येक पेवं आतून ढासळली, ती नंतर बुजवली. त्यांच्यावर घरं झाली. व्यापाऱ्यांचा माल शीतगृहात आणि गोदामांत जायला लागला. 2019 ने उरलेल्यांचीही पुष्कळ वाट लावली. शेकड्यांनी पेवं होती तिथे आज दाखवायला बोटावर मोजण्याइतकी.

ताई, तुम्हाला कुणी दाखवलं नाही त्याचं कारण हे आहे. तुम्ही ज्या गल्लीतून चालत गेलात तिच्या खाली पेवं असतील. वरून काही दिसत नाही.

---

निनाद

हे वाचून अंगावर काटा आला. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो आणि पेव काय ते मला आज कळलं. क्लासेसचं पेव फुटलंय, यंव नि त्यंव.

---

आक्का७२

आमच्याकडे जोंधळ्याची पेवं होती वाड्यात. पेवातला जोंधळा निघाला की त्याच्या भाकरीला थोडा वेगळा वास यायचा. आमचे सासरे ती भाकरी मागून खायचे. हळदीची मात्र हरिपूरचीच.

---

बागणीकर

आमचं वारणाकाठचं गाव, म्हणून एक भर. पुराबद्दल लोक फक्त कृष्णेचं बोलतात. आमच्याकडे खरी पंचाईत तुंबाची असते. कृष्णा फुगली की संगमावर वारणेला वाट मिळत नाही. तिचं पाणी मागे सरतं आणि समडोळी, कवठेपिरानकडच्या शेतांत पसरतं. वारणेवरच्या चांदोली धरणातून विसर्ग वाढला आणि त्याच वेळी कोयनेचंही पाणी सोडलं असेल तर हरिपूरला दोन्ही नद्या समोरासमोर येऊन उभ्या राहतात. माझे चुलते उन्हाळ्यात सुद्धा हरिपूरला गेले की आधी संगमाकडे बघायचे, कोण कुणाला ढकलतंय ते. पहिल्या पावसात, एकीला पूर आणि दुसरी अजून निवळ असली तर पाण्यात सरळ रेघ दिसते. एका बाजूला तांबडं, एका बाजूला हिरवट. खूप लांबपर्यंत मिसळत नाही.

2019 ला ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली ती आठवण या पट्ट्यात प्रत्येकाच्या मनात आहे. म्हणून कुणी हौसेने नावेतून फिरवा म्हणालं तर लाइफ जॅकेट असल्याशिवाय बसू नका. आणि पूर असेल तर जॅकेट असलं तरी नको.

---

वसुधा_मिरज

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही. हरिपूरला हॉटेल शोधत बसू नका, डबा न्या. पण हिवाळ्यात गेलात तर येताना वांगी घेतल्याशिवाय येऊ नका. कृष्णाकाठच्या वांग्याची गोष्टच वेगळी, मळीत वाढलेली, बी कमी आणि गर लोण्यासारखा. सकाळी काठावरच्या शेतातून तोडून आणलेली मिळतात. भरीत करा, वर कच्चं तेल आणि कांदा. तिखटाला हात आखडता घ्या, वांग्याची चव झाकली जाते.

श्रावणी सोमवारी मात्र खाण्याचे स्टॉल, पाळणे, खेळणी सगळं असतं. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा. गाव जागं झालेलं बघायचं असेल तर तोच दिवस निवडा.

आणि एक विनंती. निर्माल्य आणि तसबिरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून संगमात सोडू नका. पूर ओसरला की त्या सगळ्या पिशव्या काठावरच्या बाभळींना लटकलेल्या असतात. आम्ही दरवर्षी काढतो.

---

शमी

मळीची_माती, तुमचा प्रतिसाद मी आईला दोनदा वाचून दाखवला. कंदिलाच्या जागी आली की थांबवायची आणि परत वाच म्हणायची. तिचे वडील हळद घेऊन नावेने हरिपूरला यायचे. शिजवून, वाळवून, घासून पोती भरायची आणि पहिल्या नावेला द्यायची. हळकुंडाची पोती वेगळी, गड्ड्याची वेगळी. त्यांची हळद कुणाच्या पेवात जायची ते तिला ठाऊक नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणून मी त्या घरापुढचं हळकुंड हुंगलं. वास तोच आहे का बघितला."

मी विचारलं, तोच होता का? तर म्हणाली, "नाही गं, हा उन्हाचा वास होता. तो अंधारातला असायचा."

तुमच्याकडे उघडं पेव बघायला मिळेल का? आईला एकदा दाखवायचं आहे. हळद नसली तरी चालेल.

---

दत्तू_सांगलीकर

मलाही यायचंय. सांगलीत जन्म गेला, पेव एकदाच पाहिलं, तेही बुजवताना.

---

मळीची_माती

ताई, आमचं एक आहे. आजोबांचं. त्यात आता माल नसतो, पण वडिलांनी बुजवू दिलं नाही. 2019 नंतर आत उतरून आम्ही भावांनी गाळ काढला, पुन्हा लिंपलं. वर्षातून एकदा, थंडी सरताना, उघडून बघतो. कुठे तडा गेलाय का, ओल धरलीय का. रिकामं असलं तरी कंदील सोडल्याशिवाय उतरत नाही, वडिलांची सक्त ताकीद आहे. भिंतींचा पिवळा रंग मात्र गेलेला नाही, पुराने सुद्धा नाही. हात फिरवला की बोटाला येतो.

यंदा माघात उघडू. दिवस ठरला की इथेच लिहितो. झाकण आदल्या दिवशी सकाळीच काढून ठेवू, म्हणजे आईंना ताटकळत बसायला लागणार नाही. तोंडाजवळ खुर्ची टाकू, वरून वाकून बघायचं नाही, बसून बघायचं. उतरायचं मी आणि माझा भाऊ. आईंना सांगा, तळाची थोडी माती वर काढून त्यांच्या हातात देतो, वास त्यांनी घ्यावा आणि तोच आहे का ते सांगावं. आमच्या घरात आता ते सांगणारं कुणी राहिलेलं नाही.

जेवायला आमच्याकडेच. वसुधाताईंनी सांगितलेली वांगी आमच्याच मळ्यातली असतील. आणि आईंना पांढरं काही नेसवू नका, डाग निघत नाही.